हवाई ते लिंगाला, मार्गे बालाघाट

हवाई बेटांवरचा माणूस आणि कांगो नदीकाठचा माणूस समोरासमोर आले तर एकमेकांना काय म्हणतील, हा प्रश्न आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटात कोणालाही पडलेला नव्हता. पडायचं काही कारणही नव्हतं. बैहरच्या जंगलातून आलेली गोंड बाई आणि दवाखान्यातला माणूस इथे रोज समोरासमोर येतात, दोघांना एकमेकांचं काही कळत नाही, तो प्रश्नसुद्धा कोणाला पडत नाही. पण आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांना तो पहिलाच प्रश्न पडला, आणि पेन्शन सुरू झाल्यावरचे सगळे दिवस त्यांनी त्यात घातले.

गाव त्यांना हवाई मास्तर म्हणायचं. त्यांचं खरं नाव मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे येईल.

मी संघटनेची पत्रकं लिहिते. मागणी काय, जबाबदार कोण, कधीपर्यंत हवं, एवढं मला लिहिता येतं, आणि माणसाचं चित्र वगैरे काढायची सवय नाही. तेव्हा आधीच सांगून टाकते: या माणसाचा मला फार राग यायचा.

मास्तर सकाळी अंघोळ करून, पांढरी बंडी घालून ओट्यावर बसायचे. मिशा जाड, चष्मा दोरीनं गळ्यात. मांडीवर मोबाइल आणि जुन्या कॅलेंडरचे उलटे केलेले कागद. कागदावर तीन रकाने. डावीकडे हवाई भाषेतलं वाक्य, उजवीकडे लिंगाला, आणि मधोमध आपलं, म्हणजे आमच्या घरात बोलतात ते, मले-तुलेवालं मराठी. हवाई म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांची भाषा, आणि लिंगाला म्हणजे कांगोतल्या बोटींवरची, बाजारातली, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. दोन्ही त्यांनी मोबाइलवरचे धडे ऐकून शिकल्या होत्या. इंटरनेटवर एक जागा होती, तिथे जगातल्या कुठल्याही दोन भाषांमधली रोजची वाक्यं कोणीही भरावीत. मास्तर तिथे भरायचे. फुकट. कोणी सांगितलं नव्हतं.

गल्लीतून जाणाऱ्याला ते थांबवायचे. "आलोहा! म्हंजे नमस्कार. आता याले कांगोवाला काय म्हनन, सांग?" जाणारा म्हणायचा, "मास्तरजी, दूध फट जायेगा, जाने दो." मास्तर मागून ओरडायचे, "म्बोते म्हनन! म्बोते!" पोरं खिडकीतून म्बोते, म्बोते करायची.

या दोन भाषांचा अंतिम निकाल काकू द्यायच्या. काकू म्हणजे मास्तरांची बायको, तिरोडीची, खाणीतल्या मुकादमाची मुलगी. तिला हवाई बेटं कुठे आहेत तेही माहीत नव्हतं. मास्तर ओट्यावरून ओरडून विचारायचे, ती स्वयंपाकघरातून निकाल द्यायची.

"ऐकली का वो? कोनी पानी आनून देलं तं तू काय म्हनशीन?"

"काई नाई. पेईन."

"अवो पन म्हनशीन काय?"

"घरच्या मानसाले का म्हनाचं? येडे झाले का तुमी?"

झालं. मास्तरांनी आभाराचं वाक्य रद्द केलं. दोन्ही भाषांमध्ये त्यासाठी चांगले रोजचे शब्द आहेत, मोबाइलवर दिसत होते. पण तिरोडीच्या मुकादमाच्या मुलीनं नाही म्हटल्यामुळे हवाईच्या माणसानं कांगोच्या माणसाला धन्यवाद द्यायचे नाहीत असं ठरलं.

निरोपाचंही तसंच. हवाईवाला निघताना 'मी जातो' म्हणतो असं मास्तरांनी वाचलं आणि काकूंनी हातातलं लाटणं दाखवलं. "जातो म्हनू नोका. अभद्र बोलनं हाय ते. येतो म्हना." म्हणून मास्तरांच्या यादीत घरातून बाहेर पडणारा कांगोचा माणूस दारात उभा राहून 'मी येऊन राह्यलो' असं म्हणत होता. दोन खंड, एक महासागर, आणि सगळी माणसं बालाघाटच्या एका स्वयंपाकघराच्या रीतीनं चाललेली.

मी एकदा सरळ विचारलं, "सर, तुमी हे काहून करता? हवाईवाला आन कांगोवाला भेटतेच कुठं?"

"नाईच भेटत," ते खूश होऊन म्हणाले. "म्हनून तं."

"म्हनून तं काय?"

"हिंदी-मराठीचं पान उघडून पाह्य. एक वाक्य टाकलं का खाली धा लोक भांडाले तयार. हे शुद्ध, ते अशुद्ध. आन हे पाह्य." त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. हवाई आणि लिंगालाच्या पानावर त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. "साफ रिकामं होतं. मोकळं मैदान. कोनी हसाले नाई."

आता हे 'हसाले नाई' म्हणजे काय, ते आमच्या गल्लीला माहीत होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी इथल्या मराठी घरांच्या गणेशोत्सवात पुण्याहून पाहुणे आणले होते. आभार मानायचं काम मास्तरांकडे. त्यांनी नवा कोट शिवला. माइकवर उभे राहून म्हणाले, "आलेल्या पाहुण्यायले धन्यवाद देतो." पाहुणे आपल्या खुर्चीवरून गोड आवाजात म्हणाले, "पाहुण्यांना. पाहुण्यांना म्हणावं." मांडव हसला. मास्तरही हसले. तिकडे शाळेत हिंदीवाले सोबती 'मराठी मानुस आया' म्हणून त्यांच्या हिंदीची नक्कल करायचे, तेव्हाही ते हसायचे. मग त्यांनी मांडवात बोलणं सोडलं आणि निवृत्तीनंतर हवाईला निघून गेले. आभाराचं वाक्य काकूंमुळे गेलं असं मी वर लिहिलं. लिहिलंय तर राहू दे.

कोणाला यात कारुण्य दिसेल. मला तेव्हा पळपुटेपणा दिसला. ज्याच्या जिभेला हसले त्यानं त्या जिभेसाठी भांडायचं असतं. पाहुण्याला तिथेच म्हणायचं होतं, आमच्याकडे असंच म्हणतात, बसा खाली.

आणि खरी गोष्ट अजून सांगितलेली नाही. मास्तरांना गोंडी येत होती. बैहरच्या पलीकडच्या गावांमध्ये त्यांची अर्धी नोकरी गेली होती. आमच्या मराठी घरांमध्ये गोंडी येणारा दुसरा माणूस मला शोधून सापडला नाही. मांडीवर एवढी भाषा असताना ते सात समुद्रांपलीकडे बघत बसले होते.

त्याच सुमारास आमची मोहीम सुरू झाली होती. बैहरकडच्या एका दवाखान्यात एका बाईला आठवडाभराच्या गोळ्या दिल्या. कशा घ्यायच्या ते हिंदीत सांगितलं. "समझ गई?" "हौ." तिनं घरी जाऊन सगळ्या एकदम खाल्ल्या. वाचली. पण ती वाचली हा तिचा दम, त्यात कोणाचं कर्तृत्व नाही. आमच्याकडे गरीब माणूस दवाखान्यात प्रत्येक गोष्टीला हौ म्हणतो. दुखतंय का? हौ. नाही ना दुखत? हौ. आमची मागणी साधी होती: कुठे दुखतं, कधीपासून, ही गोळी एकच, ही जेवल्यावर, अशी रोजची वाक्यं गोंडीत लिहून वॉर्डात लावा, नर्सनं वाचून विचारावं. तिथली डॉक्टरबाई भली होती. म्हणाली, "आप सही लिखवा के लाओ, मैं आज ही टांग दूंगी." पण बदलीची तलवार तिच्याही डोक्यावर होती. लिहून हवं होतं ते लवकर. आणि लिहिणारा माझ्या माहितीत एकच.

मी ओट्यावर गेले. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि कागद उलटा करून ठेवला.

"गोंडी मले येत नाई आता."

"खोटं नका बोलू."

"येते थोडी. पन त्यात चूक झाली तं मानूस मरते, पोरी. हवाईत चूक झाली तं कोनी मरत नाई."

"आन लिहिलंच नाई तं? तेव्हा मरत नाई का कोनी?"

मग त्यांनी विषय बदलल्यासारखं करून हवाईची गोष्ट सुरू केली. तिथे शाळेत पोरांना स्वतःची भाषा बोलू देत नव्हते, म्हातारे तेवढे बोलायचे, भाषा जाताजाता राहिली. माझं डोकं फिरलं.

"सर, तुमी बैहरले पोरायले गोंडी बोलू देत होते का वर्गात?"

त्यांनी चष्म्याची दोरी चाळवली.

"नाई," म्हणाले. "हुकूम होता. हिंदीत बोला. मी छडी घेऊन बसत होतो. मंग सुट्टीत तेच पोरं मले झाडाखाली नेऊन शिकवत. हे काय, ते काय. मले मज्जा येत होती."

"म्हंजे शिकून घेतली त्यायच्याजवळून, आन बंदही त्यायचीच केली."

"तू पत्रकवाली हायेस. तुले एका ओळीत सगळं बसवता येते."

"मंग या ना सर. बसवा तुमी दोन ओळीत."

काकू दारात आली होती. हात पुसत म्हणाली, "जा ना एक बार. हितं बसून त्या कांगोवाल्याचं कोनतं लगन लावून राह्यले?"

गेले ते. माझ्यासाठी नाही, काकूंसाठी. आम्ही बैहरची जीप धरली.

वॉर्डात एक म्हातारी खाटेवर पाय पोटाशी घेऊन पडली होती. ती सगळ्यांना हौ म्हणत होती. नर्स लामता गावची, तिलाही गोंडी येत नव्हती. मी मास्तरांच्या हातात कागद दिला आणि म्हटलं, विचारा कुठे दुखतं. त्यांनी विचारलं नाही. स्टूल ओढून बसले. चप्पल काढली. काहीतरी म्हणाले. म्हातारीनं मान वळवली. ते आणखी काही बोलले. मला मागाहून कळलं की ते फक्त गाव कोणतं, नदीच्या अलीकडचं की पलीकडचं, घरून निघताना काही खाल्लं का, एवढं विचारत होते.

आणि म्हातारी हसायला लागली.

आधी पदरात, मग उघड. तिनं शेजारच्या खाटेवरच्या बाईला काही सांगितलं, ती हसली. मग तिसरी. पोट धरून पडलेली बाई पोट धरून हसत होती. मी विचारलं काय झालं. शेजारच्या बाईला हिंदी येत होती. ती म्हणाली, "बड़ी बड़ी मूँछ, और बोलता है छोटे लइका जैसा!"

बरोबरच होतं. मास्तर गोंडी शिकले होते दुसरी-तिसरीच्या पोरांकडून. त्यांची गोंडी त्याच वयाची राहिली होती. पांढऱ्या मिशांचा माणूस लाडावलेल्या पोरासारखा बोलत होता.

पण त्या हसण्यानंतर म्हातारी बोलायला लागली. कुठे दुखतं, कधीपासून, कोणाच्या सांगण्यावरून काय पथ्य पाळलं, काय खाल्लं, गुनियानं, म्हणजे गावच्या वैदूनं, काय दिलं, सगळं. मास्तर नर्सला हिंदीत सांगत होते, नर्स भराभर लिहीत होती. कोणत्याही प्रश्नाला हौ नाही. 'नाही' हा शब्द त्या खाटेवरून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. डॉक्टरबाई दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं, जिंकलो.

बाहेर आल्यावर मास्तरांनी लिहायचा कागद माझ्या हातात परत दिला. कोरा.

"सर?"

"हसली ते."

"खुशीनं हसली, सर! तुमी पाह्यलं नाई का, कशी बोलली ते?"

"हसनं हसनंच असते," ते म्हणाले, आणि जीपच्या मागच्या सीटवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ओटा, पुन्हा कॅलेंडरचे कागद. मी रस्त्यावरून जाताना म्बोते म्हणाले नाहीत. मीही थांबले नाही. मी त्यांच्याबद्दल चार लोकांत जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यातला एक शब्द मी मागे घेत नाही. लिहिता येतं आणि लिहीत नाही, हा गुन्हा आहे. म्हातारी बरी होऊन घरी गेली. तिच्या जागी दुसरी आली, ती पुन्हा सगळ्याला हौ म्हणायला लागली. आम्ही कोणाकोणाला गाठलं. एका कॉलेजच्या पोरानं पुस्तकी गोंडीत लिहून दिलं, ते वॉर्डात वाचलं तर कोणी हसलंही नाही आणि बोललंही नाही.

मग एका सकाळी काकूंनी मला हाक मारली. "येऊन पाह्य वो जरा. बुढ्यानं चहा पेला नाई."

मास्तर मोबाइल हातात धरून बसले होते, कोणाच्या मरणाची खबर आल्यासारखे. रिकाम्या मैदानात माणूस आला होता. कांगोतल्या किन्शासाचा. त्यानं मास्तरांचं निरोपाचं वाक्य वाचून खाली लिहिलं होतं, आणि मोबाइलनं त्याचं इंग्रजी करून दाखवलं होतं: हा माणूस निघालाय ना? मग येतोय येतोय काय म्हणतो? घराबाहेर जाऊन परत दारातून शिरतो की काय? आणि पुढे हसणाऱ्या तोंडांची रांग.

"तिथंही हसले," मास्तर म्हणाले.

मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. कुठपर्यंत पळणार, असं तोंडावर आलंच होतं. पण काकू माझ्या आधी बोलली.

"मंग सांगा ना त्याले. आपल्याइथं जातो म्हनत नाई म्हना. मोबाइल हातात हाय आन तोंड काहून शिवलं?"

"काय सांगू?"

"मी सांगू का?"

ती धमकी मोठी होती. मास्तरांनी चष्मा लावला. इंग्रजीत, एकेक अक्षर शोधत, लिहिलं की आमच्याकडे निघणारा माणूस जातो म्हणत नाही, कारण जाणं म्हणजे कायमचं जाणं. म्हणून येतो म्हणतो. थांबले. मग आणखी एक ओळ लिहिली. ती लिहायला त्यांना पहिल्या सगळ्यापेक्षा जास्त वेळ लागला. 'तुम्ही कसं म्हणता?'

संध्याकाळी उत्तर आलं. किन्शासावाल्यानं लिहिलं होतं की तुमची रीत चांगली आहे, आईला सांगितली, तिलाही आवडली. आमच्याकडे मागे राहणाऱ्याला म्हणतात, नीट राहा. आणि जो पुन्हा भेटायचा असतो त्याला म्हणतात, तोकोमोनाना: भेटू एकमेकांना. मास्तर उठून उभेच राहिले. हवाईवाले निघताना 'आ हुई होउ' म्हणतात, म्हणजे पुन्हा भेटेपर्यंत. दोन्ही वाक्यं एकमेकांत अशी बसत होती की मध्ये मराठीचा रकाना लागत नव्हता. इतके दिवस समोर होतं, फक्त विचारायला माणूस नव्हता.

"हसला, आन सांगितलंही," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात मी पत्रकं वाटायला स्टँडवर गेले होते. बैहरच्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी पांढरी बंडी दिसली. वर जुना कोट. गणेशोत्सवातला.

"कुठं चालले, सर?"

"डोळे नाई का तुले? जीप बैहरची हाय."

"कागद लिहाले?"

"मंग का वाघ पाह्याले?"

मी पत्रकांचा गठ्ठा काखेत मारला. "थांबा, मीही येते."

"नोको. तू आली का बाजूले उभी राहून मले शिकोशीन. हसू दे त्यायले किती हसाचं ते. मी इचारीन, तुमी कसं म्हनता." मग खिडकीतून बोट बाहेर काढून म्हणाले, "आन ऐक. त्या कागदाखाली माह्यं नाव टाकू नोको. तुले भारी हौस असते."

"काहून पन? लोकायले कळू द्या ना, कोनी लिहिलं ते!"

"काही नाई कळू द्याचं. येतो."

जीप सुटली. कोटाची कॉलर तेवढी वर दिसत होती.

त्या पावसाळ्याच्या तोंडाशी मास्तर आणि काकू मुलीकडे रायपूरला गेले, घर भाड्यानं दिलं. त्यानंतर आमची भेट नाही. मोबाइलवर कधी 'आलोहा' येतो, मी 'म्बोते' लिहिते.

कागद वॉर्डात आहे. डॉक्टरबाईची बदली झाली, कागद राहिला. बायकांनी मास्तरांचं जवळजवळ प्रत्येक वाक्य दुरुस्त करून दिलं, असं नर्स सांगते. एकच वाक्य बायकांनी दुरुस्त केलं नाही, कुठे दुखतं हे विचारणारं. ते लहान पोराच्या बोलीतच ठेवायला लावलं. नर्स ते वाचते, खाटेवरची बाई हसते, आणि हसून झाल्यावर सांगते.

खाली नाव नाही. मला ते अजूनही पटलेलं नाही. दोनदा मी पेन काढून कागदापाशी उभी राहिले होते. पण त्या माणसाला कुठेतरी एक रिकामी जागा लागायची. तेवढी ती बोटभर त्यांच्यासाठी राहू दिली.